गिअरबॉक्स तापल्याचा दिवा: बॉनेट उघडण्याआधी घड्याळ बघा

जुन्या ऑटोमॅटिक एसयूव्हीच्या डॅशबोर्डवर ‘ए/टी ऑइल टेम्प’ असं लिहिलेला, किंवा दातेरी चक्रात थर्मामीटर काढलेला दिवा लागला की नाशिकमध्ये सल्ल्यांना तोटा नसतो. स्कॉर्पिओ जिथे बनते ते हे गाव. सातपूर-अंबडच्या कंपनीत नोकरी केलेला एखादा मामा नाहीतर भाऊजी प्रत्येकाच्या नात्यात निघतोच. एक म्हणतो, सेन्सर गेलाय, वायर काढून टाक. दुसरा म्हणतो, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, पैशांची सोय करून ठेव. ज्या प्रश्नावर पुढचं सगळं ठरतं तो मात्र दोघंही विचारत नाहीत: दिवा लागला तेव्हा गाडी किती वेळ चालली होती, आणि कुठे चालली होती?

हा लेख जुन्या फॉर्च्युनर, पजेरो स्पोर्ट, एंडेव्हर अशा टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिक गाड्यांबद्दल आहे. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्र बदलतं) किंवा डबल क्लचच्या गाडीत तापण्याचं कारण आणि उपाय वेगळे, त्यांना यातलं निम्मंही लागू होत नाही.

उष्णता येते कुठून

दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरायला लागतात, पण पहिल्याइतक्या वेगाने नाही. टॉर्क कन्व्हर्टर याच तत्त्वावर चालतो, फक्त हवेच्या जागी त्यात ऑइल असतं. एक पातं इंजिनला जोडलेलं, दुसरं गिअरबॉक्सला, आणि मध्ये ऑइल परत वळवणारं तिसरं, ज्याला स्टेटर म्हणतात. दोन पात्यांच्या वेगात जेवढा फरक, तेवढी ताकद ऑइल घुसळण्यात वाया जाते आणि ती सगळी उष्णता होऊन त्या ऑइलमध्येच उतरते. चढावर सात माणसं घेऊन गाडी वीसच्या वेगाने रेटताना हा फरक मोठा असतो. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना कन्व्हर्टरच्या आतला लॉकअप क्लच दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट धरतो, फरक संपतो आणि उष्णताही जवळजवळ थांबते. लॉकअपची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

तापलेलं ऑइल बारीक पाइपांतून पुढे रेडिएटरकडे जातं. बहुतेक जुन्या गाड्यांत रेडिएटरच्याच टाकीत एक छोटा कूलर बसवलेला असतो, काहींत त्याच्या पुढे हवेवर थंड होणारा आणखी एक. तिथून ऑइल परत येतं. रोजच्या चालवण्यात ते साधारण ७५ ते ९५ अंशांत राहतं. त्यापुढे दर दहा-एक अंशांमागे ऑइलचं आयुष्य निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. १२०च्या पुढे आत चिकट थर धरू लागतो, १३०च्या पुढे रबरी सील कडक होतात, आणि १५०च्या आसपास क्लच प्लेटा घसरायला आणि जळायला लागतात. दिवा कितीला लागावा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, पण टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत तो १५०च्या जवळपासच लागतो. म्हणजे दिवा खरा असेल तर तो ‘जरा जपून’ म्हणत नाहीये, नुकसान सुरू झाल्याचं सांगतोय.

सेन्सर कुठे बसवलाय यालाही महत्त्व आहे. काही बॉक्समध्ये दोन सेन्सर असतात, एक खालच्या चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात, आणि दुसरा कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या ऑइलच्या वाटेवर. कन्व्हर्टरमधून निघालेलं ऑइल चेंबरमधल्या ऑइलपेक्षा बरंच गरम असतं. गॅरेजवाला स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचायचं यंत्र) चेंबरचा आकडा बघून ‘शंभरच तर आहे, सगळं ठीक’ म्हणतो आणि दिवा तरीही लागलेला असतो, त्याचं कारण हे असू शकतं. दोघंही खरं बोलतायत, दोन वेगळ्या जागांबद्दल.

रस्त्यात दिवा लागला तर

गाडी बाजूला घ्या, हँडब्रेक ओढा, पी मध्ये टाका आणि इंजिन चालूच ठेवा. इथेच बहुतेकजण घाईने चावी फिरवतात. गिअरबॉक्सचा ऑइल पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद केलं की ऑइल फिरायचं थांबतं, पंखाही थांबतो, आणि सगळी उष्णता आहे तिथेच कोंडते. टोयोटा, मित्सुबिशीच्या मॅन्युअलमध्येही इंजिन चालू ठेवून दिवा विझेपर्यंत थांबायला सांगितलेलं आहे. एसी बंद करा. खाली वाकून ऑइल टपकतंय का बघा. टपकत असेल, धूर किंवा जळका वास येत असेल, किंवा इंजिनच्या तापमानाचा काटाही लाल पट्ट्यात गेला असेल, तर मात्र इंजिन बंद करा आणि टोइंगवाल्याला फोन लावा.

दिवा काही मिनिटांत विझला तर हळूहळू पुढे निघता येतं. विझायला किती वेळ लागला तो मोबाइलवर टिपून ठेवा. त्याच्यासोबत गाडी किती वेळ चालली होती, चढ होता की सपाट, एसी चालू होता का, माणसं किती होती, हेही. गॅरेजमध्ये ‘दिवा लागला होता’ एवढंच सांगितलंत तर तुमच्या पैशांनी अंदाज सुरू होतात.

तापमान खरंच वाढलंय का

पहिली तपासणी फुकट आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चावी सकाळी ‘ऑन’ करा, स्टार्ट नको. बाकीच्या दिव्यांसोबत हा दिवाही क्षणभर लागायला हवा आणि मग विझायला हवा. लागलाच नाही तर बल्ब गेलाय किंवा आधीच्या मालकाने तो ‘गप्प’ केलाय. सेकंडहँड गाडीत ही शक्यता अजिबात हसण्यावारी नेऊ नका. आणि इंजिन सुरू झाल्यावरही दिवा तसाच राहिला, तर निफाडकडच्या डिसेंबरातल्या पहाटे, जिथे पारा एक आकडी होतो, तिथे गिअरबॉक्स दीडशे अंशांवर असणं शक्य नाही. दोष ऑइलमध्ये नाही, सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये आहे.

सेन्सर साधा असतो. थंड असताना त्याचा रोध जास्त, तापेल तसा कमी. यातून दोन उलटे बिघाड निघतात. वायर सोलून बॉडीला टेकली की कॉम्प्युटरला रोध शून्याजवळ दिसतो आणि तो समजतो गिअरबॉक्स भट्टीसारखा तापलाय. वायर तुटली की रोध अमर्याद दिसतो आणि स्कॅनरवर उणे ४० अंशांसारखा आकडा येतो. नाशिकच्या मेमध्ये, पारा चाळिशीला असताना, उणे ४० बघून हसू येतं, पण वायर तुटल्याचं यापेक्षा स्वच्छ लक्षण नाही. स्कॅनर बिघाडाचे कोडही दाखवतो. त्यात पी०७१२ म्हणजे रोध फार कमी, पी०७१३ म्हणजे फार जास्त. दोन्ही वायर-सेन्सरकडे बोट दाखवतात. पी०२१८ म्हणजे ऑइल खरंच मर्यादेबाहेर तापलं होतं. पी०७४१ आला तर लॉकअप क्लच धरत नाहीये.

स्कॅनर लावायला सांगताना ‘कोड बघा’ एवढ्यावर थांबू नका. थंड गाडीवर चालू आकडा बघायला सांगा. रात्रभर उभ्या गाडीत गिअरबॉक्सचं ऑइल, इंजिनचं कूलंट आणि बाहेरची हवा या तिघांचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. दोन सारखे आणि गिअरबॉक्सचा तेवढा भलतीकडे, तर सेन्सर खोटं बोलतोय. मग गिअरबॉक्स उतरवायची बात काढणाऱ्याला आधी वायर दाखवायला सांगायची. द्राक्षबागेतल्या शेडमध्ये उभी राहणारी गाडी असेल तर उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग ही रोजची भानगड आहे. जोरदार प्रेशरने खालून धुतल्यावर कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी ही दुसरी. कनेक्टर काढून सुकवला, पिना साफ केल्या, की पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

आता खरंच तापत असेल तर

इथे तुम्ही टिपून ठेवलेली वेळ आणि जागा कामाला येते. एकच दिवा, पण कसाऱ्याला लागतो की नाशिकच्या द्वारका चौकात की पिंपळगावच्या सरळ रस्त्यावर, यावर शोध वेगळीकडे जातो.

फक्त घाटात लागतो, सपाटीला आलं की विझतो. मुंबईहून येताना कसारा घाट हा त्याचा जुना परीक्षक. ट्रकच्या मागे दहा-पंधराच्या वेगाने चढायचं, समोरून हवा नाही, कन्व्हर्टर सतत घुसळतोय. यात एक गंमत अशी झालीये की जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, त्यातल्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यामुळे घाटातला तो रखडा चुकतो. त्यामुळे कूलर निम्मा बंद असलेली गाडीही मुंबईच्या फेऱ्या निमूट करते आणि एप्रिलातल्या दुपारी नांदुरीहून सप्तशृंगी गडाच्या चढावर, घरची सगळी मंडळी बसलेली असताना, नेमकी दिवा लावते. बिघाड त्या दिवशीचा नसतो, जुनाच असतो. अशा वेळी थंड करणारी यंत्रणा अपुरी पडतेय असं समजायचं. पण आधी चालवायची पद्धतही बघा. चढावर डी मध्ये ठेवून गाडीला वरखाली गिअर बदलत राहू देऊ नका. ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद करा, किंवा हाताने २ नाहीतर ३ वर आणा. इंजिन जास्त फिरतं, पंप जास्त ऑइल फिरवतो, पंखा जास्त हवा ओढतो आणि कन्व्हर्टरमधली घसरण कमी होते. आवाज वाढतो म्हणून लोक घाबरतात. त्या आवाजाने गाडीचं भलंच होतं. पुढच्या ट्रकपासून अंतर सोडा, म्हणजे दर दहा फुटांवर थांबावं लागणार नाही. चढावर गाडी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर तोलून धरणं तर कटाक्षाने टाळा, अर्ध्या मिनिटात तापमान चढतं. पावसाळ्यात चिखलात रुतलेली कुणाची पिकअप दोराने ओढून काढलीत आणि दिवा लागला, तर त्यात बिघाड शोधू नका. ते ओझं तुम्हीच दिलंत. थांबा, थंड होऊ द्या, आणि ऑइल लवकर बदलून घ्या.

शहरातल्या कोंडीत लागतो, उड्डाणपुलावर चढलं की विझतो. पुलाखाली द्वारका-मुंबई नाका रांगत पार करताना समोरून वारा मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. वरून तोच रस्ता साठच्या वेगाने गेलात की वारा फुकट. म्हणजे संशय पंखा आणि जाळ्यांवर. जुन्या डिझेल एसयूव्हीत इंजिनवर फिरणारा, मध्ये सिलिकॉन भरलेला क्लच असलेला पंखा असतो. गरम झाल्यावर तो धरतो आणि चांगला घोंघावतो. तो आवाज हल्ली येत नाही असं वाटत असेल, तर गरम इंजिन बंद करा, चावी खिशात ठेवा आणि पंखा हाताने फिरवून बघा. जड लागायला हवा. ढकलल्यावर मोकळाच गरगर फिरत राहिला तर त्याचा क्लच गेलाय.

जाळ्यांचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे फसगत फार होते. बाहेरून ग्रिलमधून बघितलं की एसीचा कंडेन्सर स्वच्छ दिसतो. माती अडकते ती कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत. धूळ, किडे, गवत, आणि लासलगाव-विंचूरच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीत कांद्याची सालपटं सुद्धा. वर्षानुवर्षांच्या पावसाने त्याचा नमद्यासारखा थर होतो. बाहेरून पाइप मारला की तो थर आणखी आत दबतो. धुवायचं ते इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या दाबाने. प्रेशर वॉशर लावला तर जाळीची पाती वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. जमल्यास कंडेन्सर जागेवरच थोडा पुढे ओढून मधे हात घालायला सांगा. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून कुणी आपणहून करत नाही.

इंजिनचा काटा मधोमध आहे म्हणजे रेडिएटर ठीक, असंही धरून चालू नका. बऱ्याच गाड्यांत तो काटा मोठ्या टप्प्यात जाणूनबुजून मध्येच स्थिर ठेवलेला असतो. कूलंटचा खरा आकडा स्कॅनरवर बघा.

सपाट हायवेवर, गाडी निवांत चालताना लागतो. हा प्रकार मला सगळ्यात गंभीर वाटतो. वारा भरपूर, ओझं कमी, तरी तापतंय, म्हणजे उष्णता आतच तयार होतेय. पहिला संशय लॉकअपवर. आडगाव ओलांडल्यावर सरळ रस्ता मिळतो. मागून गाडी नाही बघून ऐंशीच्या एकसारख्या वेगाने चला आणि ॲक्सिलरेटर न हलवता डाव्या पायाने ब्रेक पेडल अगदी हलकंच, फक्त मागचा दिवा लागेल एवढंच दाबा. लॉकअप धरलेला असेल तर तो सुटतो आणि आरपीएमचा काटा दोन-तीनशेने वर सरकतो. पेडल सोडल्यावर थोड्या वेळाने परत खाली येतो. काटा ढिम्म राहिला तर लॉकअप धरतच नाहीये, आणि कन्व्हर्टर दिवसभर घुसळतोय. डाव्या पायाची सवय नसेल तर हे स्वतः करू नका, शेजारी बसून मेकॅनिकला करायला सांगा. कारण वायरिंग, सोलेनॉइड (विजेवर चालणारी ऑइलची झडप), ब्रेकचा स्विच किंवा खुद्द क्लच, काहीही निघू शकतं. यादीतलं स्वस्त ते आधी तपासायचं. चाकं मोकळी फिरतायत का, एखादा ब्रेक धरून बसलाय का, हेही बघून घ्या.

ऑइलची पट्टी

ज्या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, आहे तिथे तपासायची पद्धत इंजिन ऑइलसारखी नाही. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून गरम करा, सपाट जागी उभी करा, ब्रेक दाबून सगळे गिअर एकेकदा फिरवून पी मध्ये आणा, आणि बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच पट्टी काढा. थंड गाडीत, इंजिन बंद करून बघितलेला आकडा खोटा. ऑइल तापल्यावर फुगतं, म्हणून पट्टीवर ‘हॉट’ आणि ‘कोल्ड’ अशा दोन खुणा असतात. कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त भरलं तरी फिरत्या भागांत घुसळून फेस होतो आणि फेसाने उष्णता नीट वाहून नेली जात नाही. म्हणून ‘थोडं जास्तच टाकून ठेव’ ही सवय इथे चालत नाही. काही बॉक्सला पट्टीच नसते. तिथे ऑइल ठरावीक तापमानाला असताना खालचा बोल्ट उघडून पातळी बघतात, ते जॅकवर घरच्या घरी करण्याचं काम नाही.

पट्टी पांढऱ्या कागदावर पुसा. लाल किंवा तपकिरी-लाल असेल तर ठीक. काळपट आणि जळका वास म्हणजे प्लेटांचं अस्तर जळून ऑइलमध्ये उतरलंय. गुलाबी, दुधट आणि फेसाळ दिसलं तर गाडी तिथेच उभी करा: रेडिएटरच्या टाकीतला कूलर आतून फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलंय. त्या अवस्थेत चालवलेला प्रत्येक किलोमीटर प्लेटांचं अस्तर सोलतो.

ऑइल कुठलं घालायचं यात दुकानदाराच्या ‘सगळ्यांना चालतं’वर जाऊ नका. टोयोटाचंच टाइप टी-फोर आणि डब्ल्यूएस ही दोन ऑइलं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. चेंबरचा बोल्ट उघडला की साधारण एक तृतीयांश ते निम्मंच ऑइल बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून जुन्या गाडीत एकदम मशीनने धुऊन काढण्यापेक्षा थोड्या थोड्या अंतराने दोन-तीनदा काढून भरणं मला जास्त पटतं. ऑइलबरोबर चेंबर उतरवून फिल्टर आणि आतले लोहचुंबक बघायला सांगा. चुंबकावर राखाडी चिखल असणं नेहमीचं आहे. धातूचे कण बोटाला टोचले तर मात्र गिअरबॉक्सबद्दल बोलायची वेळ आली.

कूलरची परीक्षा

शंभर रुपयांची काळी टेप आणि कुणाकडून तरी मागून आणलेली इन्फ्रारेड गन एवढ्यावर हे जमतं. चकाकत्या धातूवर गन कमी आकडा दाखवते, म्हणून कूलरकडे जाणाऱ्या आणि तिथून येणाऱ्या दोन्ही पाइपांवर टेपचा तुकडा चिकटवा. गाडी चांगली तापवून आणा आणि पंख्यापासून हात लांब ठेवून दोन्ही मोजा. येणारा पाइप जाणाऱ्यापेक्षा स्पष्टपणे थंड हवा. दोन्ही सारखेच गरम तर ऑइल फिरतंय, पण थंड होत नाही: जाळी, पंखा, रेडिएटर. जाणारा तापलेला आणि येणारा जवळजवळ हवेइतका गार, तर ऑइल फिरतच नाही: कूलर गाळाने बंद किंवा पाइप कुठेतरी चेपलेला. मेकॅनिक मंडळी येणारा पाइप सोडवून बरणीत ऑइल धरतात. वीस सेकंदांत साधारण एक लिटर पडायला हवं असा त्यांचा ठोकताळा आहे. गिअरबॉक्स एकदा दुरुस्त करून पुन्हा महिनाभरात गेला, अशा गोष्टींत जुनाच, गाळ भरलेला कूलर तसाच ठेवलेला असतो.

घाटात किंवा बागेत ओढकाम करणाऱ्या गाडीला एसी कंडेन्सरच्या पुढे वेगळा प्लेटचा कूलर बसवणं फायद्याचं ठरतं. बसवणारा ‘रेडिएटरमधला बायपास करून टाकतो, कटकट नको’ म्हणेल. नको म्हणा. रेडिएटरमधला कूलर थंडीत उलटं कामही करतो, कूलंटच्या उबेने ऑइल लवकर चालत्या तापमानाला आणतो. निफाड-दिंडोरीच्या जानेवारीत पहाटे निघणाऱ्या गाडीला त्याची गरज असते. आधी रेडिएटर, मग नवा कूलर, मग परत गिअरबॉक्स, हा क्रम ठेवायला सांगा, आणि जुने रबरी पाइप त्याच दिवशी बदलून घ्या.